सिनेमा थांबला की जायचं

आमच्या गल्लीत एक नियम होता. कुठे लिहिलेला नव्हता, पण लहानथोरांना पाठ होता. दुपारचा सिनेमा मध्येच थांबला तर थोडी वाट बघायची. पडदा काळा होऊन त्या सीडीच्या यंत्राचं नाव इकडून तिकडे फिरायला लागलं, की मात्र उठायचं, चपला सरकवायच्या आणि तारवाल्या भाऊंच्या घरी जायचं. जी बाई आधी उठेल ती. बाकीच्यांनी आपापल्या घरी बसून सिनेमा पुन्हा सुरू व्हायची वाट बघायची.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला वेड्यांचा कारभार वाटेल. म्हणून आधी तारवाले भाऊ कोण, ते सांगते.

भाऊंचं काम केबलचं. गल्लीच्या टोकाला दोन खोल्यांचं घर; पुढच्या खोलीत संसार, मागच्या खोलीत यंत्रं आणि वर पत्र्यावर डिश. माणूस उंच, हडकुळा, चालताना उजवा खांदा खाली. त्या खांद्यावर सगळा जन्म शिडी वाहिलेली. मागच्या खिशात पक्कड, मनगटात बांगडीसारखी अडकवलेली चिकटपट्टी आणि तोंडात कायम काहीतरी वात्रट. आपण घाबऱ्याघाबऱ्या सांगावं, भाऊ, टीव्ही बंद पडला, तर हे दारात उभे राहून म्हणणार, "बंद नाही ताई, रुसलाय. चहा पाजा, बोलेल." चहा अर्थातच भाऊंना.

केबलच्या आधी ते सीडी भाड्याने द्यायचे. पण लोकांच्या घरून सीडी परत यायची ती ओरखडे घेऊन, कधी तेलकट बोटांचे ठसे घेऊन. सिनेमाचा शेवट आला की चित्राचे चौकोन चौकोन व्हायचे आणि नायिका अर्ध्या वाक्यात अडकायची. शेवटी भाऊ वैतागले. म्हणाले, "घरोघर फिरवून सीडीचा जीव घेण्यापेक्षा मी एकाच जागी लावतो, तुम्ही सगळे बघा." तेव्हापासून इतर चॅनलांबरोबर भाऊंचं स्वतःचं एक चॅनल आमच्या टीव्हीवर आलं. दुपारची जेवणं झाली की त्यावर सिनेमा लागायचा. मागच्या खोलीत एक सीडी फिरायची आणि तीच आख्खी गल्ली बघायची.

तो दुपारचा सिनेमा म्हणजे वहिनींचं राज्य. वहिनी म्हणजे भाऊंची बायको. कुठला सिनेमा लावायचा ते त्या ठरवणार, सीडी त्या पुसणार. गोल गोल नाही पुसायची, मधून कडेकडे पुसायची, हे मला त्यांनीच शिकवलं. आम्ही बायका जाता-येता खिडकीतून ओरडायचो, "वहिनी, आज रडका नको हं!" आतून उत्तर यायचं, "रडल्याशिवाय तुमची जेवणं जिरत नाहीत, मला माहीत नाही का?" भाऊ त्यांना सरकार म्हणायचे. "सरकारचा हुकूम आहे, आज मारामारी."

आणि एका सकाळी सीडी पुसता पुसता वहिनींच्या हातातून फडकं पडलं आणि पाठोपाठ त्याही पडल्या. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डावा हात राहिला, डोळे राहिले आणि समज सगळीच्या सगळी राहिली. मी रोज सकाळी देवाजवळ बसते. समज ठेवलीस हे चांगलं केलंस की वाईट, असं मी त्याला त्या वेळी विचारलं होतं. अजूनही विचारते.

त्यांची एकुलती एक लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात. ती आली, महिनाभर राहिली, आईला घेऊन जाते म्हणाली. वहिनींनी डाव्या हाताने पलंगाची दांडी धरली, ती सोडेनात. लेक रडत गेली.

भाऊंपुढे प्रश्न पडला तो कामाचा. केबलवाल्याला घरात बसून चालत नाही. कुठे खांबावरचा जोड सुटतो, कुठे माकडं वायर ओढतात, कुठे नवं घर बांधणारा आपली तार तोडून मोकळा होतो. त्यांनी वहिनींच्या उशाशी एक बेल बसवली आणि तिची वायर समोरच्या शिंपीणबाईंच्या घरात नेऊन सोडली. शिंपीणबाई दिवसभर मशीनवर घरातच असायच्या. बेल वाजली की जाईन म्हणाल्या. बेल कधी वाजलीच नाही. भाऊ कामावरून यायचे तेव्हा चादर ओली असायची आणि वहिनींची नजर भिंतीकडे. "अगं, बेल कशाला लावलीय मग?" भाऊंनी विचारलं, तर त्यांनी डाव्या हाताने ती ढकलून पलंगाखाली पाडली. मला ते कळलं. जी बाई सगळ्या गल्लीच्या बाळंतपणांना, दुखण्याखुपण्यांना धावली, ती घंटा वाजवून दुसरीला आपली घाण काढायला बोलावणार नव्हती. त्यापेक्षा ओल्यात पडून राहीन म्हणत होती.

पण भाऊंच्या एक गोष्ट लक्षात आली. दुपारी ते वहिनींना पुसायला, कूस बदलायला बसले की वहिनी त्यांच्या खांद्यावरून टीव्हीकडे बघत राहायच्या. त्यांचाच सिनेमा त्यांना सोडून पुढे चाललेला असायचा. मग भाऊंनी एक जुना रिमोट उघडला. ज्या बटणाने सीडी थांबते त्याच्या खालच्या दोन टोकांना बारीक वायर डागून जोडली, रिमोट यंत्रासमोर चिकटपट्टीने पक्का बसवला आणि ती वायर दारावरून पुढच्या खोलीत आणून तिच्या टोकाला दारावरच्या बेलचं बटण लावलं. ते बटण वहिनींच्या डाव्या मुठीत. दाबलं की सिनेमा थांबणार, पुन्हा दाबलं की सुरू.

हे बटण मात्र त्यांनी दाबलं. सिनेमा थांबवणं म्हणजे कोणाला हाक मारणं नव्हे. सिनेमा त्यांचाच होता.

पहिल्या दिवशी गल्लीत एकच ओरडा झाला. "भाऊ, लाइन गेली! भाऊ, नायक दारात उभा आहे!" भाऊ खिडकीतून म्हणाले, "लाइन नाही गेली. सरकारने थांबवलाय. सरकारला पाणी प्यायचंय. तुम्हीही प्या." लोक हसले. चार-आठ दिवसांत सवय झाली. आणि भाऊ बाहेर गेलेले असताना चित्र थांबलं, थांबूनच राहिलं, नाव फिरायला लागलं, तर कोणीतरी जायचंच, हेही आपोआप ठरलं. कोणी सभा नाही घेतली.

एकदा खुनाचा सिनेमा होता. शेवटी सगळे एका खोलीत जमलेत, एकजण बोट उचलतोय, आणि बोट तिथेच राहिलं. आमचे हे पाटावरून अर्धवट उठून तसेच. "आत्ताच? आत्ताच बरी त्यांना लागली!" नाव फिरायला लागलं. मी निघाले, तर समोरून शिंपीणबाई गळ्यात टेप अडकवून लगालगा येत होत्या. "तू जा परत. मी आधी उठलेय."

"तुम्हाला खुनी कळायची घाई झालीय, दुसरं काही नाही."

"मग? ब्लाउज उलटा शिवला मी त्याच्यापायी!"

शेवटी दोघी गेलो. वहिनींना कुशीवर वळवलं, खालचं बदललं, पाठीला पावडर लावली. मी म्हटलं, "वहिनी, खुनी कोण ते डोळ्याने खुणावा, नाहीतर पाणी देत नाही." त्या अर्ध्या तोंडाने हसल्या, आणि आम्ही घरी पोचतोय न पोचतोय तोवर बटण दाबलं. मुद्दाम. दोघींचाही खुनी हुकला.

भाऊ तेव्हा पाण्याच्या टाकीवर चढलेले होते. खाली आले तेव्हा खालच्या घरातल्या टीव्हीचा आवाज त्यांना ऐकू आला, सिनेमा चालू होता. ते मला नंतर म्हणाले, "ताई, मी वर असतो तेव्हा कान खाली असतो. चालू असला की हात स्थिर राहतो. थांबला की मोजत बसतो. पुन्हा सुरू झाला की कळतं, कोणीतरी गेलं." उंचावर काम करणाऱ्या माणसाचं आयुष्य त्या आवाजावर टांगलेलं होतं. आणि वहिनींचंही.

मग नेटवरचे सिनेमे आले.

मी खोटं लिहिणार नाही. ते चांगलेच आहेत. आमच्या मुलाने लांबून एक डबी पाठवली, टीव्हीच्या मागे खुपसायला लावली, फोनवरून शिकवलं. दूध उतू जायला लागलं की मी थांबवते, परत येते, तिथूनच सुरू. झोप लागली तर मागे नेते. संवाद कळला नाही तर खाली अक्षरं येतात. केबलवर सिनेमा लागला की त्याच्या वेळेला आपण बसायचं, मध्ये जाहिराती खायच्या, वारा सुटला की मुंग्या बघायच्या. सीडी कितीही जपा, कुठेतरी अडकायचीच. ह्यात अडकण्यासारखं काही नाही. भजनं ऐकायची तर तीही मिळतात. आमचे हे पहिल्या दिवशी चार-चार सिनेमे थोडे थोडे बघून बसले, हावरट पोरासारखे.

भाऊ एकदा आमची वायर काढायला आले. शिडी दाराशी टेकवली, आत आले, म्हणाले, "दाखवा तरी, कोणाकडून मार खातोय ते." मी दाखवलं. त्यांनी रिमोट हातात घेतला. पुढे नेलं, मागे आणलं, थांबवलं, आवाज बारीक केला. यंत्राच्या माणसाला यंत्र आवडतंच. त्यांच्या चेहऱ्यावर मला राग दिसेल असं वाटलं होतं. तिथे कौतुक होतं.

"सीडीला ओरखडा, तारेला गंज, डिशला वारा," ते म्हणाले. "ह्याला काय होतं?"

"नेट जातं कधी कधी."

"जाऊ दे. माणूसही जातो." मग हसले. "खोटं कशाला बोलू ताई. मी तुमच्या जागी असतो तर मीही हेच घेतलं असतं."

"मग वहिनींना का नाही घेत? त्यांना हवं ते लावता येईल. मनासारखं थांबवता येईल."

भाऊंनी रिमोटने सिनेमा थांबवला आणि मला खिडकीकडे बोट दाखवलं. समोर शिंपीणबाईंच्या खोलीत टीव्ही चालू होता, रंग हलत होते.

"इथे थांबला," ते म्हणाले. "तिथे थांबला का?"

मला एवढं सगळं शिकवणाऱ्या मुलालाही हे सुचलं नव्हतं, आणि मलाही. वहिनींना स्वतःचा सिनेमा मिळाला असता, स्वतःपुरता थांबवता आला असता. पण त्यांचं थांबणं मग त्यांच्याच खोलीत राहिलं असतं.

मी भाऊंना वायर काढू दिली नाही. राहू द्या म्हटलं, दुपारी तुमचंच लावत जाईन. त्यांनी शिडी उचलताना एकदा खाली ठेवली आणि परत उचलली.

पण गल्ली मोठी आणि मी एकटी. घरं गळत गेली. कोपऱ्यावर बसणारी मंडळी भाऊंची टर उडवायची. "भाऊ, तुमची डिश आता उताणी करा, पाखरांना पाणी ठेवा." "भाऊ, तारांवर कपडे घाला, धुणं तरी वाळेल." भाऊ हसून पुढे जायचे. लोकांना वाटायचं, म्हातारा हट्टी आहे, बदलायला तयार नाही. हट्टाचं कारण सांगायचं म्हणजे बायकोची ओली चादर चव्हाट्यावर आणायची. ते त्यांनी केलं नाही.

एक केलं. घरोघर गेले. दारात उभं राहून, बिनशिडीचे. असं कधी कोणी त्यांना पाहिलं नव्हतं. म्हणाले, "तुमचं नेटचं खुशाल बघा. माझी लाइन मी काढत नाही, तुम्ही काही द्यायचं नाही. फक्त दुपारी माझं चॅनल लावून ठेवा. नाही बघितलं तरी चालेल, डोळ्यापुढे असू द्या." कोण नाही म्हणेल? "हो हो भाऊ, त्यात काय एवढं!" सगळ्यांनी मान डोलावली. मनापासूनच डोलावली असेल. पण जे बघत नाही ते किती दिवस कोण लावून ठेवतं? पहिल्या आठवड्यात लावलं, मग आवाज बंद करून लावलं, मग पाहुणे आले, मग मुलांची परीक्षा आली. पुढे पुढे घरात टीव्ही कोणी लावतच नसे. प्रत्येकाच्या हातात आपापला फोन, कानात बोंडं. एका खोलीत चौघं आणि चार सिनेमे.

भाऊ दुपारी गल्लीतून एक चक्कर मारायचे. दारांमागून आवाज यायचे, खिडक्यांवर उजेड हलायचा. तेवढ्यावर त्यांनी समजूत घातली. इथेच ते चुकले आणि ही चूक तारवालाच करू शकतो. त्यांच्या मागच्या खोलीतल्या यंत्रावर बारीक हिरवे दिवे होते. दिवा लागलेला म्हणजे लाइन त्या घरापर्यंत जिवंत आहे. जन्मभर त्यांनी तेच बघितलं होतं. लाइन मेली तर त्यांना तिथे बसल्या जागी कळायचं. लाइनीच्या दुसऱ्या टोकाला माणूस बसलाय की नाही, हे सांगणारा दिवा त्यांच्याकडे नव्हता. कोणाकडेच नव्हता. आधी त्याची गरज पडली नव्हती.

मी त्यांना एकदा म्हटलं, "भाऊ, बघणाऱ्या आता मी आणि शिंपीणबाई, दोघीच उरल्यात हो. लेकीला बोलवा. किंवा एखादी बाई ठेवा."

"दिवे सगळे लागलेत ताई," ते म्हणाले. "तुम्ही उगाच घोर लावता."

तो दिवस साधाच होता. मळभ नाही, वारा नाही. आमच्या ह्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दाखवायला दवाखान्यात न्यायचं होतं. आदल्या दिवशी मी शिंपीणबाईंना सांगून ठेवलं, उद्या दुपारी मी नाही, तुमचा टीव्ही लावा. "लावीन की," त्या म्हणाल्या. लावलाही. पण त्यांच्या सुनेने त्यांना फोनवर एक मालिका लावून दिली होती. तो फोन मशीनला टेकवून त्या शिवत बसायच्या. टीव्ही त्यांच्या पाठीमागे होता. पाठीमागे चित्र थांबलं, नाव फिरायला लागलं आणि शिंपीणबाई पुढ्यात बघत शिवत राहिल्या.

वहिनी ओरडल्याही असतील. त्यांना एकच आवाज काढता यायचा, घशातून, लांब. पण कान सगळ्यांचे बोंडांनी भरलेले.

आम्ही परत आलो तेव्हा उन्हं भिंतीवर चढली होती. ह्यांना पलंगावर बसवलं, पाणी दिलं आणि हात आपोआप टीव्हीच्या बटणाकडे गेला. भाऊंचं चॅनल लागलं. मी नाव फिरताना बघितलं असतं तर रोजच्यासारखी चपला सरकवून निघाले असते. पण नाव फिरत नव्हतं. बाग होती, नायिका चालत होती. एक पाऊल टाकलं, थांबली. परत एक पाऊल, थांबली. पाऊल, थांबली. पाऊल, थांबली.

"सीडी अडकली वाटतं," हे म्हणाले. त्यांना नीट दिसत नव्हतं.

सीडी अडकली की चित्राचे चौकोन होतात. इथे चित्र स्वच्छ होतं. कोणीतरी बटण दाबत होतं, सोडत होतं, दाबत होतं. मी चपला घातल्या नाहीत.

दार नुसतं लोटलेलं होतं. भाऊ दोन खोल्यांच्या मधल्या उंबऱ्यावर आडवे पडले होते, डोकं यंत्रांच्या खोलीत, पाय पुढच्या खोलीत. शेजारी पाण्याचं भांडं उपडं. पलंगावरून वहिनींना त्यांचे फक्त पाय दिसत होते. त्या तेवढेच बघत होत्या. डाव्या हाताचा अंगठा बटणावर चालू होता, मी आत आले तरी चालूच. अंगठ्याची कातडी सोलपटली होती. मागच्या खोलीत सगळे हिरवे दिवे लागलेले होते.

मी भाऊंच्या छातीवर हात ठेवला, कान ठेवला. देवाचं नाव घेतलं. मग वहिनींजवळ जाऊन त्यांचा अंगठा माझ्या मुठीत धरला. त्यांनी माझ्याकडे बघितलं. दुपारभर बोलावल्यावर कोणी आलं की माणूस जसं बघेल तसंच.

डॉक्टर आले. मी विचारलं, लवकर कळलं असतं तर? ते तरुण होते, चांगले होते. म्हणाले, "सांगता येत नाही." मग पिशवी आवरता आवरता म्हणाले, "तासाभरात आणलं असतं तर प्रयत्न करता आला असता."

गल्ली लोटली. दारात चपलांचा ढीग पडला. ज्यांनी महिनोन्महिने भाऊंचं चॅनल लावलं नव्हतं तेही आले, आणि रडले ते खरंच रडले. शिंपीणबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या, गळ्यात टेप तशीच. "टीव्ही चालू होता गं माझा," एवढंच म्हणत होत्या. "अगं, लावला होता मी. चालू होता." त्यांना बोलायला तोंड कोणाला होतं? कोपऱ्यावरच्या मंडळींपैकी एकजण मला बाजूला घेऊन म्हणाला, "पण बाई, हे बटण असं चालतं हे भाऊंनी आम्हाला नीट सांगायला हवं होतं. आम्हाला वाटलं, चॅनल बंद पडू नये म्हणून विनवतोय." मी म्हटलं, "तुम्ही त्या चॅनलवर सिनेमे बघतच मोठे झालात. थांबला की तुमची आई उठायची, ते दिसलं नव्हतं का?" मला नंतर वाटलं, त्याला बोलून काय मिळवलं?

लेक आली. सगळं उरकलं. या वेळी वहिनींनी दांडी धरली नाही. मुठीतलं बटण मात्र सोडेनात. लेक समजूत घालून थकली, तेव्हा मी भाऊंची पक्कड आणली आणि वायर बटणाजवळ कापली. मागच्या खोलीत यंत्र त्या वेळी बंदच होतं, तरी कापताना माझा हात अडला. वहिनी मुठीत बटण घेऊनच गाडीत बसल्या.

पत्र्यावरची डिश कोणीतरी नेली. तारा अजून लोंबतात. कोणाच्या मालकीच्या नाहीत म्हणून कोणी काढत नाही. माझ्या खिडकीबाहेरची एक वाऱ्याने भिंतीवर आपटत असते.

भाऊंबद्दल लिहीन असं ठरवलं नव्हतं. पण परवा दुपारी लेकीचा फोन आला.

"मावशी, तुम्हाला एक विचारायचं होतं. इकडे आईला मोठा टीव्ही घेतलाय. नेटचं सगळं आहे, जुने सिनेमे तर हजारोंनी आहेत. रिमोट डाव्या हातात बसेल असा, एकच बटण ठेवून बाकीची मी पट्टीने झाकलीत."

"छान केलंस बाळा. बघतात का?"

"बघते हो. पण एक विचित्र करते. चांगला चाललेला सिनेमा मध्येच थांबवते आणि दाराकडे बघत बसते. सुरूच करत नाही. मग टीव्हीवर ती डोंगर-समुद्राची चित्रं फिरायला लागतात, तरी ही दाराकडेच. सांभाळायला बाई ठेवलीय, ती म्हणते, आजींचं डोकं चालत नाही आता. डॉक्टरांना दाखवू का?"

"बाई कुठे असते तेव्हा?"

"स्वयंपाकघरात. फोनवर तिचं काहीतरी बघत असते. काम चोख आहे तिचं, तशी तक्रार नाही."

"आणि चादर?"

"ओली असते बरेचदा," लेक म्हणाली. "मला वाटलं, आता कळतच नाही तिला."

लेक महिनाभर राहून परत गेली, त्यानंतरचं हे सगळं. तिला ते बटण म्हणजे आईचं खेळणं वाटत होतं. भाऊंनी लेकीलाही सांगितलं नव्हतं. मग मी सांगितलं. बेल कशी पलंगाखाली पाडली ते, रिमोट कसा उघडला ते, खुनी कसा हुकवला ते, आणि त्या दिवशी बागेतली नायिका कशी चालत होती, तेही. लेक ऐकत राहिली. मी म्हटलं, "डोकं चालतंय बाळा. ती बोलावतेय. तिला वाटतंय, तिचा थांबला म्हणजे सगळ्यांचाच थांबला असणार. तुम्हाला दिसलं असणार, आणि तुम्ही येत नाही."

"मावशी…"

"सिनेमा थांबला की जायचं. एवढंच आहे. पाणी असेल, कूस असेल, नाहीतर काहीच नसेल. काही नसलं तर नुसतं जाऊन बसायचं. त्या बाईलाही सांग. तिचा फोन काढून घेऊ नकोस, तिला आजीजवळ बसून बघू दे म्हणावं."

पलीकडून टीव्हीचा आवाज येत होता, मघापासूनच येत होता. कुठलंसं जुनं गाणं, बायकांचा घोळका गात होता. आणि मध्येच, एका ओळीवर, आवाज थांबला.

आम्ही दोघीही थांबलो.

"ठेवते मावशी," लेक म्हणाली. "आत थांबलाय."